ग्रेनाडा ते त्रिनिदाद, एका रात्रीत: बोटीच्या नोंदी

२४ मे २०२५, शनिवार. प्रिकली बे, ग्रेनाडा

शेवटी ठरलं एकदाचं. बोट त्रिनिदादला न्यायची, शाग्वारामसला पाण्याबाहेर काढायची, नोव्हेंबर संपेपर्यंत तिथंच ठेवायची. गेल्या वर्षी १ जुलैला बेरिल चक्रीवादळ ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर आदळलं तेव्हा ते चौथ्या श्रेणीचं होतं, आणि टिरेल बेच्या खारफुटीत सुरक्षित म्हणून दोरखंडांनी बांधून ठेवलेल्या बोटी नंतर एकमेकींवर चढलेल्या पाहिल्या आहेत मी, त्यामुळे "बघू, या वर्षी नाही येणार" हे वाक्य आमच्या घरात बंद आहे. ग्रेनाडा वादळांच्या पट्ट्याच्या खाली आहे असं २००४ पर्यंत लोक म्हणायचे, मग आयव्हन आलं आणि बेटावरच्या दहातल्या नऊ घरांची पडझड झाली. त्रिनिदाद अजून दीड अंश दक्षिणेला. तिथं वादळ येतच नाही असं नाही, पण फार कमी. विम्याच्या कागदावर पण १ जुलैची तारीख आहे.

बोट म्हणजे ३४ फुटी जुनी स्लूप, एक डोलकाठी, सुकाणूला चाक नाही, दांडा. मालक दोघं, मी आणि माझा मेहुणा. मी देवगडकडचा, चौदा वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये काढली, म्हणजे समुद्रावर असूनही समुद्र फारसा न बघितलेला माणूस. मेहुणा कोल्हापूरचा, पंचगंगेत पोहायला शिकलेला, शिडाची बोट त्याने पहिल्यांदा इथं पाहिली आणि आता माझ्यापेक्षा बरी चालवतो, हे त्याला सांगितलेलं नाही. तिसरे त्रिनिदादचे काका, सत्तरीचे, हा रस्ता कितीतरी वेळा केलेले. त्यांना घरी जायचंच होतं, म्हटलं आमच्याबरोबर चला.

३० मे, शुक्रवार

आज त्रिनिदादमध्ये इंडियन अरायव्हल डे, सुट्टी. काका सकाळीच बोटीवर आले आणि कामाला हात लावायच्या आधी सांगून टाकलं, की १८४५ साली आजच्याच तारखेला फतेल रझाक जहाज कलकत्त्याहून पोर्ट ऑफ स्पेनला लागलं, म्हणजे बरोबर १८० वर्षं. १९१७ पर्यंत असे १ लाख ४० हजारांवर मजूर तिथं नेले, ऊसमळ्यांवर, करार करून. काकांचे आजोबा त्यातलेच. आणि काका त्यांना "आजा" म्हणतात, आजीला "आजी"! मी एकदम दचकलोच. भोजपुरीतून आलंय ते, पण सातासमुद्रापार इंग्रजी बोलणारा म्हातारा "माय आजी" म्हणतो तेव्हा देवगडच्या माणसाला कसं वाटेल सांगा.

मग काम. इंजिनाचा कच्च्या पाण्याचा इंपेलर (समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारं पात्यांचं चाक) काढला, सहापैकी दोन पाती मोडलेली. तुकडे शोधले, एक हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडला, दुसरा नाहीच मिळाला, नवा इंपेलर टाकला आणि देवाचं नाव घेतलं. बेल्ट बदलला. डिझेल फिल्टर दोन्ही बदलले आणि टाकीच्या तळाचं दोन लिटर उपसून बाटलीत धरून ठेवलं, खाली चॉकलेटी गाळ. बंदरात हा गाळ गप्प बसतो, बाहेर लाटा लागल्या की ढवळतो आणि नेमका नको तेव्हा फिल्टर चोंदतो. बॅटऱ्या दोन, शंभर-शंभर अँपिअरअवरच्या. रात्रभराचा खर्च मांडला: दिवे, जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ, एआयएस (आपली जागा इतर जहाजांना कळवणारं आणि त्यांची आपल्याला दाखवणारं यंत्र), छोटा फ्रिज. फ्रिज बंद ठेवला तर आरामात.

ऑटोपायलटची मोटर फिरते पण दांडा ढकलत नाही. पार्ट मागवला तर तीन आठवडे. हातानेच चालवू, तिघं आहोत.

कंपासचा दिवा लागत नाही, वायर गंजलीय. छोटं काम, नंतर.

३ जून, मंगळवार. रस्त्याचा हिशोब

हे सविस्तर लिहून ठेवतोय कारण सगळा खेळ याच्यात आहे.

नकाशावर बघितलं तर काहीच नाही. प्रिकली बे १२ अंशावर, त्रिनिदादचं तोंड, म्हणजे बोका दे मोनोस, १० अंश ४२ मिनिटांवर. जवळजवळ सरळ दक्षिण. १ मिनिट अक्षांश म्हणजे १ सागरी मैल, तर ७८ मैल, पुढे आत कस्टमच्या धक्क्यापर्यंत अजून तीनेक. साडेपाच नॉटने, म्हणजे तासाला साडेपाच सागरी मैलांनी, पंधरा तास. संध्याकाळी निघा, सकाळी पोचा. पण पाणी उभं नाही ना. अटलांटिकचं पाणी या बेटांच्या फटींतून आत कॅरिबियनमध्ये घुसतं, पश्चिमेकडे आणि जरा उत्तरेकडे, एक ते दोन नॉट, कधी जास्तच. दीड नॉट धरलं तरी पंधरा तासांत बावीस मैल बाजूला. सरळ दक्षिणेला नाक ठेवून झोपलात तर सकाळी त्रिनिदाद नाही, व्हेनेझुएला.

मेहुण्याला व्हेक्टरचा त्रिकोण काढून दाखवत होतो तर तो म्हणाला, "दाजी, हे एवढं काय अवघड करून सांगताय? पुरात नदी पार करायची म्हणजे समोरच्या घाटावर नजर ठेवायचीच नाही. ठेवली की खाली लागला. वरच्या झाडावर धरायचं, मग घाटावर लागतो." बरोबर आहे, त्रिकोण तोच. काकांचं म्हणणं एका ओळीत: आधी पूर्व कमवा, मग दक्षिण. पूर्व हातात असली की केव्हाही खर्च करता येते, गेली की मिळत नाही, कारण वारा पण पूर्वेचा आणि पाणी पण पूर्वेकडूनच.

त्यात अजून एक, सरळ रेषेला जवळपास लागूनच हायबिस्कस नावाचा गॅसचा प्लॅटफॉर्म आहे. त्याच्या पूर्वेकडून आठ-नऊ मैल लांबून जायचं. म्हणून एक काल्पनिक खूण धरली ११ अंश ०८ उत्तर, ६१ अंश ३० पश्चिम. तिथपर्यंत ५४ मैल, दिशा १६३. दीड नॉटचा ओढा धरून नाक ठेवायचं १५०वर, आणि पाण्याने ओढल्यामुळे जमिनीवरचा वेग साडेपाच नाही, साडेचारच पडणार. पुढचे २८ मैल दिशा २०१, तिथे करंट आडवा, वेग जरा बरा. एकूण अठरा तास. आता कंपासवर: इथे चुंबकीय फरक (कंपासचं उत्तर आणि खरं उत्तर यांतला) साधारण १५ अंश पश्चिम, म्हणजे १५०चे १६५ वाचायचे. आपल्या मुंबई-कोकणाकडे हा फरक जवळजवळ शून्य, त्यामुळे हे गणित करायची अंगाला सवयच नसते, मी पहिल्या वर्षी दोनदा चुकलोय.

कॉकपिटमध्ये पांढरी टेप लावून मार्करने मोठ्ठं लिहिलं: १६५.

८ जून, रविवार

चाचे. हा विषय निघाल्याशिवाय या रस्त्याबद्दल कोणी बोलतच नाही. २०१५च्या डिसेंबरात या पट्ट्यात शिडाच्या बोटींवर लुटारू चढले होते, उघड्या पिरोग होड्यांतून आलेले, आणि तेव्हापासून लोक ताफ्याने जातात, दिवे बंद करून जातात, एआयएस बंद करून जातात. आमच्यात दोन तास वाद झाला. मेहुणा म्हणतो अंधारात जाऊ. मी म्हणतो दिवे चालूच. मी जहाजावर काम केलंय, ब्रिजवरून ३४ फुटी बोट दिवे असूनही कशी दिसत नाही ते ठाऊक आहे, आणि पॉइंट फोर्टिनहून निघणारे गॅसचे टँकर आपल्या बाजूने वळत नाहीत, वळेपर्यंत आपण त्यांच्या खाली. ठरलं असं: नियमाचे दिवे चालू, एआयएस चालू, आतले पांढरे दिवे बंद. आणि त्रिनिदादच्या कोस्टगार्डला प्रवासाचा तपशील आधी ईमेलने: बोटीचा रंग, माणसं, निघायची वेळ, खूण, पोचायची वेळ.

जॅकलाइन म्हणजे नाळेपासून मागपर्यंत डेकवर अंथरलेला पट्टा, त्याला कमरेचा हुक लावून चालायचं. जुना पट्टा उन्हाने कुजलेला, नखाने धागे निघाले. नवा बांधला. नियम एकच, अंधार पडल्यावर हुक लावल्याशिवाय कॉकपिटच्या बाहेर पाऊल नाही, लघवीला सुद्धा बादली. बायकोने हा नियम तिघांकडून तोंडाने वदवून घेतला.

सरगॅसम खूप आहे या वर्षी. खाडीच्या तोंडाशी पिवळट-तपकिरी शेवाळाचे पट्टेच्या पट्टे, वास सुटतो.

११ जून, बुधवार

वारा उद्या पूर्वेकडून १५ नॉट, रात्री आग्नेयेकडे सरकण्याची शक्यता. हे आग्नेय आवडलं नाही. पूर्वेचा वारा असेल तर १५०वर नाक ठेवून आरामात जाता येतं, आग्नेयेचा झाला की तो जवळजवळ तोंडावर येतो. पण पौर्णिमा आजचीच, उद्या पण चंद्र भरलेलाच असणार, आणि शुक्रवारी पोचलो तर कचेरीच्या वेळेत पोचतो, शनिवार-रविवारी गेलं की ओव्हरटाइमचे पैसे. निघायचं.

कस्टमकडून क्लिअरन्स घेतला. डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, उलटी करून डेकवर बांधली. बायकोने पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, थर्मासात आल्याचा चहा असं सगळं बांधून ठेवलंय, वर एक डबा लिंबू-मीठ-आलं, मेहुण्याच्या पोटासाठी.

१२ जून, गुरुवार

१६:०० नांगर उचलला. मेनसेलला, म्हणजे मुख्य शिडाला, एक रीफ आधीच बांधून ठेवला (शीड थोडं आवळून लहान केलं), रात्री बांधायला लागू नये म्हणून.

१७:१५ बेटाची आड संपली आणि पाणी एकदम उभं राहिलं. लाट दोन मीटर, डाव्या अंगाने. नाक १६५, वेग पाण्यातून साडेपाच, जमिनीवर ४.६. हिशोब जुळतोय.

१८:३५ सूर्य गेला. मेहुण्याने आल्याचा डबा उघडला.

१९:३० ग्रेनाडाचे दिवे मागे, ध्रुव जेमतेम हातभर वर, आणि समोर अगदी नाकाच्या जरा उजवीकडे त्रिशंकू उभा. देवगडला तो क्षितिजाच्या धुरकटात असतो, इथं स्वच्छ. मला फार बरं वाटलं, का ते माहीत नाही. काका म्हणाले तासभर तोच धर, मग तो कलतो.

२०:१५ डावीकडे पुढून चंद्र उगवला, तांबडा, ढगात अर्धा.

२०:४० एआयएसवर गॅस टँकर, तीन मैल पश्चिमेने उत्तरेकडे. त्याच्या इंजिनरूममध्ये आत्ता कोणीतरी बनियनवर बसून चहा पीत असणार, वर काय आहे त्याला पत्ता नाही.

२२:०० माझी पाळी संपली. २७ मैल झाले, रेषेवर आहोत. मेहुण्याला दांडा दिला. वारा किंचित पुढे सरकलाय. समोर उजवीकडे क्षितिजावर एक पिवळट उजेड, प्लॅटफॉर्म, अजून पंचवीसेक मैल. खाली झोपलो.

१३ जून, शुक्रवार

००:०५ काकांनी पाय हलवून उठवलं. ते झोपलेले होते, म्हणाले बोटीचं अंग बदललं म्हणून जाग आली. खरंच, बोट एकदम मऊ चालत होती, आपटणं नाही, कलणं कमी, वेग साडेपाचच्या वर. मेहुणा खूष. "दाजी, कशी पळायलीय बघा की!" मी जीपीएस बघितला. रेषेच्या चार मैल पश्चिमेला.

झालं काय होतं, वारा आग्नेयेचा झाला, १६५वर बोट आपटायला लागली, पाणी अंगावर यायला लागलं. त्याने कंपास वाचायला डोक्याचा टॉर्च लावला तर डोळ्यांपुढे काळोख, शिडं दिसेनात, म्हणून टॉर्च विझवला. मग दिसत काय होतं? तो उजेड. कंपास दिसेना म्हणून नाक हळूहळू उजेडाकडे नेलं आणि त्याच्यावर धरून बसला, वीस अंश पश्चिमेकडे. बोट मऊ झाली म्हणून त्याला वाटलं जमलं. आणि ज्या प्लॅटफॉर्मपासून आठ-नऊ मैल लांब राहायचं होतं तो आता सरळ समोर, साधारण सोळा मैलांवर, चांगला झळाळत.

पंचगंगेच्या घाटावर नजर ठेवायची नाही हे सांगणारा माणूस हाच. पण रात्री बारा वाजता, पोट ढवळत असताना, चहूकडे काळं आणि एकच दिवा असला की नजर तिथंच जाते, माझी पण गेली असती. कंपासचा दिवा मी दुरुस्त केला असता तर प्रश्नच नव्हता. त्याला काही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं.

००:२० जिब, म्हणजे पुढचं शीड, गुंडाळली, इंजिन चालू, मेन आणि इंजिन मिळून कंपासवर १५५. आता प्रत्येक लाट आपटतेय, वेग ४.३. काका म्हणाले, "आता पूर्व उधारीवर घ्यायची, व्याज लागणारच."

०१:१० इंजिनाचं तापमान चढलं, अलार्म. बंद केलं. एक्झॉस्टमधून पाणी येत नव्हतं. पहिला विचार तोच, इंपेलरचा न सापडलेला तुकडा. मग आधी सोपं बघावं म्हणून सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा नळ) बंद करून गाळणीचं झाकण काढलं तर आत सरगॅसम गच्च, बोटभर लांबीच्या फांद्या आणि त्यांचे ते बारके फुगे, वर एक जिवंत कोळंबी. गाळणी रिकामी केली तरी पाणी येईना, मग पाईप काढून डिंगीच्या पंपाने उलटी हवा मारली तेव्हा बुडबुड करत सुटलं. पंचवीस मिनिटं. हे सगळं डोकं खाली घालून, डिझेलच्या वासात, बोट शिडावर गटांगळ्या खात असताना. इंजिनरूमवाला असून मला पण उलटी झाली, लिहून ठेवतो म्हणजे मेहुणा एकटाच नको.

०१:३५ इंजिन चालू. पाणी येतंय. त्यानंतर दर अर्ध्या तासाला कोणीतरी मागे वाकून एक्झॉस्ट बघायचं.

०२:१५ उजवीकडून एक छोटी होडी, दिवा नाही, नुसती एआयएसशिवायची काळी आकृती चंद्राच्या पट्ट्यात. तिघंही गप्प. काका दुर्बिणीतून बघत राहिले, मग म्हणाले मासेवाले, जाळं ओढतायत. हात वर केला त्यांनी, त्यांनी पण केला की नाही दिसलं नाही. सगळ्या प्रवासातले चाचे एवढेच.

०४:३० खूण मागे. प्लॅटफॉर्म उजव्या हाताला आठ मैलांवर. नाक फिरवलं, वारा तोंडावरून बाजूकडे गेला, इंजिन बंद, आणि ती शांतता. मेहुण्याने स्वतःहून टॉर्चवर लाल प्लास्टिकचा कागद (काकूंच्या लाडवाच्या डब्यावरचा) रबराने बांधला आणि दांडा मागितला. दिला.

०५:४५ उजाडलं. समोर नॉर्दर्न रेंज, हिरवीगार, वर ढगांची टोपी. एल तुकुचे शिखर ९३६ मीटर आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं एखादं मधलं डोंगर, पण समुद्रातून सरळ उठल्यामुळे केवढं वाटतं. पहिला पाऊस पडून गेल्यावर आंबोलीचा घाट दिसतो ना, तसा रंग.

०९:४० बोका दे मोनोस. दोन उंच हिरव्या भिंतींच्या मधली चिंचोळी खिंड, वर गिधाडं घिरट्या घालतात. कोलंबस १४९८ साली आला तेव्हा या तोंडाला ड्रॅगनचं तोंड म्हणाला. गल्फ ऑफ पारियाचं पाणी बाहेर पडत होतं, इंजिन पूर्ण आणि जमिनीवर वेग अडीच नॉट, बाजूचा एक खडक पंधरा मिनिटं तिथंच. आत शिरल्यावर मात्र एकदम तळं. अठरा तास कानात असलेला आवाज थांबला तर तिघं उगाच मोठ्याने बोलत होतो.

१०:३० कस्टमचा धक्का, शाग्वारामस. पिवळा झेंडा वर. दुसऱ्या महायुद्धात इथं अमेरिकेचा आरमारी तळ होता, अजून ती मोठी शेडं दिसतात. इमिग्रेशनला फॉर्म, फॉर्मच्या मध्ये खरोखरचा कार्बन पेपर! कितीतरी वर्षांनी बोटं निळी झाली. मेहुण्याला तलाठी कार्यालयाची आठवण आली.

१२:१५ काकांनी गेटबाहेर डबल्स खायला नेलं. दोन मऊ तळलेले "बारा", म्हणजे पुरीसारखे, त्यात चणे, वर चिंचेचं पाणी आणि कुचेला म्हणजे कैरीच्या किसाचं लोणचं. "स्लाइट पेपर" म्हणायचं, काकांनी आधीच बजावलं होतं, मेहुण्याने कोल्हापूरच्या इज्जतीपायी "फुल" म्हटलं. पाणी मागितलं नाही त्याने, पण डोळे सांगत होते. बाजूच्या ट्रेमध्ये सहीना होतं. पान चिकटवून, डाळीचं पीठ लावून, गुंडाळून, कापून तळलेलं. अळूवडी हो! सरळसरळ अळूवडी. सहा घेतले, काका म्हणाले आजी करायची.

१६ जून, सोमवार

बोट आज क्रेनने बाहेर काढली. सुकाण्याच्या वरच्या फटीत सरगॅसमची वाळलेली झिपरी अडकलेली, तळाला शिंपले अंदाजापेक्षा कमी. इंपेलर उघडला, सहाही पाती शाबूत. तो जुना तुकडा अजून कुठेतरी आत आहेच, हीट एक्स्चेंजर पूर्ण काढायचं काम यादीत.

जीपीएसचा मार्ग उतरवून घेतला. सुरुवातीला सुरेख रेष, मग दहा ते बारा असं पश्चिमेकडे सुटलेलं पोट, मग तिरका चढ. एकूण ८७ मैल. मेहुण्याने छापील कागदावर त्या पोटाशी बाण काढून "दिवा दिसला" लिहिलं. मी खाली दुसरा बाण काढला, "कंपासची वायर, ३० मे".

वायर आज बदलली. वीस मिनिटं लागली.